मळ्यावर लहान कुत्रे : निवड आणि निगा



आपल्या अंकात लागण, खोडवा, ठिबक, माती परीक्षण यांवर नेहमी माहिती येते, आणि ती यायलाच हवी. पण गाव सोडून मळ्यावर वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात आणखी एक सभासद असतो. त्याला शेअर नाही, मत नाही, सवलतीची साखर नाही. तरी रात्री सर्वांच्या आधी जागा होतो तो तोच. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवर एक थोराड कुत्रे होते. रात्री ते गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधलेले असे. डिसेंबर महिना, रात्रीची वीज. उसाला पाणी देऊन पहाटे परत आलो तर साखळी जागेवर, कुत्रे नाही. पट्टा तुटलेला आणि अंगणातून उसाच्या सरीपर्यंत ओढत नेल्याची रेघ. बिबट्याने नेले होते. बिबट्या त्याच्या पोटासाठी आला. त्या मुक्या जनावराला पळताही येऊ नये असे बांधून ठेवणारा मीच. नात तेव्हा सहा वर्षांची. ती पुढे आठ दिवस अंगणात बसेना.

मी ठरवले, आता कुत्रे नको. पण मंडळी म्हणाल्या, "अहो, वस्ती मुकी झालीय. निदान एक लहानसं तरी आणा. घरात राहील, पोरांत खेळेल, कोणी आलं तर सांगेल." नातीचाही हट्ट. मग शोध सुरू झाला.

काल्हेरची वारी

आमच्या वाडीत त्या उन्हाळ्यात पिल्ले रक्ताच्या हगवणीने मेली होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, हा 'पार्व्हो'. याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, इथले पिल्लू सध्या घेऊ नका. थोरला मुलगा भिवंडीजवळ काल्हेरला एका गोदामात नोकरीला आहे. तो म्हणाला, "आबा, इकडे या. इकडून घेऊन जा."

ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडली की काल्हेर. एकेकाळचे भातशेतीचे आणि खाडीकाठचे हे गाव. आज पाहावे तिकडे गोदामांच्या रांगा आणि मालाचे ट्रक. मुलाने आधी एका शहरी दुकानात नेले. काचेच्या पेटीत पांढरेशुभ्र केसाळ पिल्लू, शेजारी चपट्या नाकाचे पग. मन भुलावे अशीच ती होती. मी विचारले, "याची आई कुठाय?" दुकानदार म्हणाला, आई इथे नसते. वय विचारले तर म्हणाला, पाच आठवडे. आपल्याकडे 2017 सालापासून नियम आहे की आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. इतक्या लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाला किती जोराने चावावे आणि कधी थांबावे हे कळत नाही. ते शिक्षण आई आणि भावंडेच देतात. आम्ही हात जोडून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या गोदामाच्या आवारात गेलो. तिथे लाकडी फळ्यांच्या थप्पीमागे एक तांबूस गावठी कुत्री चार पिल्लांसह होती. कुत्री अंगाने बारकी, गुडघ्याएवढी. ट्रक मागे येत होते, हमालांची ये-जा चालू होती, पण ती उगाच भुंकत नव्हती. अनोळखी माणूस फाटकात आला की मात्र दोनदा भुंकून रखवालदाराकडे पाही. रखवालदार म्हणाला, "काका, हिची पिल्लं न्या. नऊ आठवडे झाले, खायला लागलीत." मी तिथेच बसकण मारली.

जात पाहावी की काम?

आपल्याकडे बैल घेताना आपण खूर, खांदा, दात पाहतो. नुसता रंग पाहून पैसे मोजत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र फोटोवर भाळतो. मळ्याच्या दृष्टीने काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

लांब केसांचे पॉमेरियन किंवा स्पिट्झ चलाख आणि सावध असते, पण कुसळे, गोखरू आणि गोचीड त्याच्या अंगात बसतात. कुसळ कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरले की पू होतो. रोज विंचरायला वेळ असेल तरच ते घ्यावे. पग स्वभावाने गोड, पण चपट्या नाकामुळे त्याला धाप लागते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते उष्माघाताने जाऊ शकते. आखूड पायांचे डॅक्सहुंड बिळे उकरण्यासाठीच जर्मनीत तयार झाले. त्याची लांब पाठ उड्या मारून दुखावते, शिवाय बिळात साप असला तर काय होईल ते सांगायला नको. बीगल वासावर चालणारे; माग लागला की हाक ऐकत नाही आणि बांधापलीकडे निघून जाते. आपले कारवान आणि मुधोळ हाउंड नामांकित. मुधोळवर तर 2005 साली टपाल तिकीटही निघाले. पण ती उंच, धावणारी कुत्री. लहान घरात, लहान पोरांत त्यांचा जीव रमत नाही.

राहता राहिले आपले गावठी. आखूड केस, लांब नाक, ऊन सोसणारे अंग, साध्या खाण्यावर तगणारे. गावठीतही लहान चणीची असतात. आईची उंची पाहिली म्हणजे अंदाज येतो. बाप कोण हे मात्र गोदामाच्या आवारात कोण सांगणार!

पिल्लाची पारख

मी चारही पिल्ले तासभर पाहिली. एक सगळ्यांना ढकलून खाणारे. एक फळीखालून बाहेरच न येणारे. हौशी माणूस पहिले घेतो आणि दयाळू माणूस दुसरे. घरात लहान मूल असेल तर दोन्ही टाळावीत. दांडगे पोरांवर दांडगाई करते आणि भित्रे घाबरून चावते. उरलेल्या दोघांजवळ मी हातातली किल्ली खाली टाकली. एक दचकले, मागे सरले आणि मग पुढे येऊन किल्ली हुंगू लागले. हेच हवे. भीती वाटावी, पण ती लवकर ओसरावी. मग उचलून हलकेच उताणे धरले. थोडी धडपड करून ते शांत झाले. डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, हिरड्या गुलाबी, कानाला वास नाही, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले नाही. फुगलेले पोट म्हणजे बहुधा जंत.

ती मादी होती. मुलगा म्हणाला, "आबा, कुत्री कशाला? पिल्लं होत राहतील." त्याचे म्हणणे खोटे नाही, सुमारे 63 दिवसांत वेत होते. पण सहा महिन्यांच्या सुमारास शस्त्रक्रिया करून घेतली की तो प्रश्न मिटतो. आम्ही तसेच केले. मादी घराला धरून राहते असा माझा अनुभव.

सुया आणि औषधे

नवे पिल्लू आणल्यावर पहिली फेरी जनावरांच्या दवाखान्यात. जंताचे औषध तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे तीन महिन्यांतून एकदा. कुत्र्याचे जंत पोरांच्या पोटात जातात, म्हणून यात चालढकल नको. पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. पिसाळरोगाची लस तीन महिन्यांला, महिन्याने पुन्हा आणि नंतर दरवर्षी. सगळे डोस होईपर्यंत आम्ही तिला पडवीतून खाली उतरू दिले नाही.

एकत्रित लसीत लेप्टोस्पायरोसिसची लस आहे ना, हे विचारून घ्यावे. हा रोग उंदराच्या लघवीतून पसरतो, आणि उसात उंदीर किती हे आपण जाणतोच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील ऊसतोड कामगारांत 1930 च्या दशकात याच तापाने कहर केला होता. तिथे तोडणीपूर्वी ऊस जाळण्याची पद्धत रूढ होण्याचे ते एक मोठे कारण.

उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष कुत्र्याच्या तोंडी लागले तर वाचवणे कठीण. ज्या दिवशी आमिष ठेवाल त्या दिवशी कुत्रे घरात कोंडावे आणि मेलेले उंदीर पुरून टाकावेत. खाण्यात भाकरी-दूध एवढ्यावर भागवू नये. डाळ-भात, अंडे, उकडलेले मांस असावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका कधीच देऊ नयेत. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले अशी कथा आहे. आपण तूप देऊ नये, पण ती माया ठेवावी.

चावले तर

आपले कुत्रे असो की दुसऱ्याचे, चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. जुन्या माणसांना अजून पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आहे, म्हणून ती मांत्रिकाकडे जातात. पण ती जुनी लस आपल्या देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात थोडीच इंजेक्शने असतात : पहिल्या दिवशी, मग त्या दिवसापासून मोजून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी वगैरे, डॉक्टर सांगतील तशी. जखम मोठी असेल तर जखमेतही एक औषध टोचतात. पिसाळरोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, हे विसरू नये.

रात्रीचा नियम

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अकोले भागातील उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून झालेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे 39 टक्के. शेळ्यांचा त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे अंगणात बांधलेले कुत्रे ही राखण नव्हे. ते आमंत्रण आहे, आणि तेही आपल्या दारापर्यंत.

म्हणून आमच्या घरी नियम झाला आहे. दिवेलागणीला कुत्री घरात, आणि दार लावलेले. रात्री पाण्याला जाताना तिला सोबत न्यायचे नाही. बिबट्या दिसला तर कुत्रे धावत येऊन आपल्याच पायांत शिरते. ती भुंकली तर आधी आतून दिवा लावायचा, मोठ्याने बोलायचे, पण दार उघडून तिला 'छू' करायचे नाही. मोठ्या कुत्र्याकडून आपण दातांचे काम मागतो. लहान कुत्र्याकडून फक्त कानांचे काम घ्यावे.

गेल्या फेब्रुवारीत एका रात्री ती भुंकली नाही. गुरगुरत दारापासून मागे सरली. अंगावरचे केस उभे. मंडळींनी दिवा लावला, मी पत्र्याचा डबा बडवला. सकाळी गोठ्यामागच्या चारीच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले होते. गोठ्याला आम्ही जाळी मारून घेतली होती, त्यामुळे कालवड सुखरूप होती. नात शाळेत जाण्यापूर्वी ते पंजे पाहून आली आणि कुत्रीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आजोबा, हिला मी आज माझ्या अंथरुणाजवळ झोपवणार." मंडळी एरवी नाही म्हणाल्या असत्या. त्या दिवशी त्यांनीच गोधडी घालून दिली.

सभासद मित्रांनो, येत्या हंगामात वस्तीवर पिल्लू आणणार असाल तर जात विचारण्यापूर्वी त्याची आई पाहा, आणि पिल्लू घरी येण्यापूर्वी ते रात्री कुठे झोपणार ती जागा ठरवा. साखळी विकत घ्यायची गरज नाही.

— एक ऊस उत्पादक सभासद