जुनी सेको घेताय? आधी मागचं झाकण बघा

परवा एका मित्राने पिवळ्या डायलच्या सेको ६१३९ची लिंक पाठवली. "घेऊ का रे?" किंमत मोहात पाडणारी होती, म्हणूनच मी जरा थांबलो.

हे घड्याळ साधंसुधं नाही. १९६९ सालचा हा क्रोनोग्राफ (म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) जगातल्या पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी एक. अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३ मध्ये असंच पिवळं घड्याळ स्कायलॅबवर नेलं. म्हणून संग्राहक त्याला 'पोग'च म्हणतात. नाव झालं की नकलाही होणारच!

विक्रेत्याकडून मागच्या झाकणाचा स्पष्ट फोटो मागा. सिरीयल नंबरातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. '४३' म्हणजे मार्च १९७४. आता डायल वाचा. सुरुवातीच्या घड्याळांवर 'वॉटर ७० मीटर प्रूफ' असे, पुढे 'प्रूफ' जाऊन 'रेझिस्ट' आलं. झाकण १९७४चं आणि डायलवर 'प्रूफ' असेल, तर दोन घड्याळं जोडून एक केलेलं असणार.

डायलच्या तळाशी बारीक कोड असतो. तो गायब किंवा अक्षरं फुगीर असतील, तर डायल पुन्हा रंगवलेली किंवा नवी बनवलेली. आपल्या मुंबईतूनही अशी रंगवलेली घड्याळं 'व्हिंटेज' म्हणून ऑनलाइन जातात, हे संग्राहकांना पक्कं ठाऊक आहे.

शेवटी व्हिडिओ मागा. स्टॉपवॉच रिसेट केल्यावर मधला काटा नेमका बारावर यायला हवा. टाळाटाळ झाली, तर सोडून द्या.

तुमच्याकडे असं घड्याळ आहे? कमेंटमध्ये फोटो टाका, मिळून बघू.