चेंडूतला पाहुणा

इंग्लंडात १९५१ साली 'चिल्ड्रन्स फिल्म फाउंडेशन' ही संस्था निघाली. तिकिटांवरील लेव्हीच्या पैशातून ती शनिवार सकाळच्या बालखेळांसाठी स्वस्तातले बोलपट काढी. १९७७ चा 'द ग्लिटरबॉल' घ्या. परग्रहावरचा पाहुणा म्हणजे काय, तर एक चकचकीत चेंडू! ना डोळे, ना चेहरा; घरंगळत जातो आणि खातो. त्याच वर्षी अमेरिकेत 'स्टार वॉर्स' झळकला. तेथे पैशाला तोटा नव्हता. तरीही आज साठीकडे झुकलेली माणसे त्या चेंडूच्या आठवणीने हळवी होतात. हा केवळ बालपणाचा मोह, असे म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. चेंडूच्या चेहऱ्यावर घरापासून दुरावल्याचे दुःख दिसणार कोठून? ते त्या मुलांनी पदरचे घातले होते.