नाव बदलले, तरी माणूस ओळखू येतो

गावात हिवताप किती जणांना झाला, हे शोधायचे असेल तर घरोघरी जाऊन नोंद करता येते. उत्तर आकड्यात मिळते. पण ताप आलेला माणूस आधी दवाखान्यात जातो की भगताकडे, क्षयरोग झाल्याचे एखादी सून सासरी का लपवते, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत सापडत नाहीत. त्यासाठी माणसांजवळ बसून त्यांचे बोलणे ऐकावे लागते. अशा अभ्यासाला गुणात्मक संशोधन म्हणतात. यात ना रक्त काढायचे, ना सुई टोचायची. मग कोणाला इजा होणार, असे आपल्याला सहज वाटते.

एक घडलेले उदाहरण पाहू. नॅन्सी शेपर-ह्यूज या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ १९७४ साली आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका लहान गावात कुटुंबासह राहायला गेल्या. ग्रामीण आयर्लंडमधील मनोविकारांची सामाजिक कारणे त्या शोधत होत्या. गावातली बहुतेक मुले परदेशी निघून जात. वडिलांची शेती आणि म्हातारे आईबाप सांभाळायला मागे राहिलेला मुलगा बहुधा अविवाहित, एकाकी राही. हा एकाकीपणा आणि छिन्नमनस्कता यांचा संबंध त्यांनी १९७९च्या आपल्या पुस्तकात मांडला. गावाला त्यांनी 'बॅलीब्रॅन' असे बनावट नाव दिले, माणसांचीही नावे बदलली.

अभ्यासकांनी पुस्तकाचे कौतुक केले. गाव मात्र दुखावले. खरे गाव कोणते, हे एका पत्रकाराने शोधून काढले. गावकऱ्यांनी पुस्तक वाचले आणि त्यात स्वतःला व शेजाऱ्यांना ओळखले. विश्वासाने सांगितलेले घरातले बोलणे छापून आले होते. वीस वर्षांनी, १९९९मध्ये, लेखिका पुन्हा त्या गावी गेल्या, तेव्हा त्यांना तिथून निघून जावे लागले. बनावट नावांच्या आड लेखक बेसावध होतो, अशा अर्थाची कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली.

असे का झाले? आकड्यात माणूस लपतो. 'शंभरात सात' यात कोण सात, हे कळत नाही. पण 'तीन मुलींची आई, नवरा एस.टी.त वाहक, घर देवळामागे' एवढे लिहिले की नावाची गरजच उरत नाही. बनावट नाव परक्यांना फसवते, शेजाऱ्यांना नाही. आणि लाज वाटते ती शेजाऱ्यांचीच. हे तपशील गाळावेत, तर अभ्यासाचा जीवच जातो. खरा पेच इथे आहे.

दुसरा प्रश्न संमतीचा. रक्त देणाऱ्याला आपण काय देतो ते ठाऊक असते. बोलणाऱ्याला मात्र बोलण्याच्या ओघात काय निघून जाईल, हे आधी माहीत नसते. म्हणून सुरुवातीला घेतलेली सही पुरेशी नाही. मुलाखत संपल्यावर, आणि शक्य तर छापण्याआधीही, 'यातले काय ठेवू?' असे पुन्हा विचारायला हवे.

काही वेळा नुसता प्रश्न विचारणेही धोक्याचे असते. घरात मार खाणाऱ्या स्त्रीशी कोण काय बोलले, हे नवऱ्याला कळले तर? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अशा अभ्यासांसाठी सूचना दिल्या. मुलाखत एकांतात घ्यावी, विचारणाऱ्याला खास शिक्षण द्यावे आणि गरज पडल्यास त्या स्त्रीला मदत कोठे मिळेल, हे आधीच ठरवून ठेवावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आरोग्याच्या सामाजिक संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

हा विषय शाळेपासून दूर नाही. 'आमच्या घरातील आजार' अशी माहिती आपण प्रकल्पासाठी मुलांकडून मागवतो आणि कधी वर्गात वाचूनही दाखवतो. पुढच्या वेळी दोन गोष्टी करून पाहू. 'सांगायचे नाही' हेही उत्तर चालेल, असे आधीच सांगू. आणि नाव खोडलेला कागद हाती घेऊन स्वतःला विचारू : याच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा हे घर ओळखेल का? उत्तर 'हो' असेल, तर तो कागद वाचून दाखवू नये.