किलोची वही, लिटरचा डबा

शालेय पोषण आहाराचा सगळा हिशेब ग्रॅममध्ये चालतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला याच्या दीडपट. चुलीजवळ मात्र ग्रॅम दिसत नाही. मोहाडी तालुक्यातल्या एका शाळेत मी स्वयंपाक पाहत बसलो होतो. तिथे होता एक लिटरचा डबा, मोठा गंज आणि तेलाची पळी.

मुलं साठ, म्हणजे तांदूळ सहा किलो. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी सात डबे आणि वर डब्याचा तिसरा हिस्सा असा तांदूळ गंजात ओतला. काटा जवळच होता, म्हणून आम्ही डबा तोलून पाहिला. फूटपट्टीने शीग उतरवली तेव्हा आत 820 ग्रॅम तांदूळ भरला. शिगेसकट तो 900च्या जवळ गेला. म्हणजे बाईंचा हिशेब सपाट मापाचा होता आणि अगदी चोख होता. त्याच सात डब्यांवर शीग ठेवली असती तर अर्ध्या किलोच्या वर तांदूळ जास्त पडला असता. डबा जमिनीवर ठोकून भरला तरी तांदूळ खाली बसतो आणि आकडा बदलतो. म्हणून कोणतं भांडं घेतलं याइतकंच ते कसं भरलं, हेही महत्त्वाचं.

हा धानाचा मुलूख. पायली इथे घरोघरी ठाऊक आहे. पण पायलीचे किलो किती, असं विचारलं की आधी विचारावं लागतं, पायली कशाची? धानाच्या दाण्यावर तूस असतं, दाण्यांमध्ये पोकळी जास्त राहते. त्यामुळे तेवढ्याच मापात धान तांदळापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने हलकं भरतं. 1958पासून देशात मेट्रिक वजनं येऊ लागली आणि 1962पर्यंत बाजारात किलो बसला, तरी घरातलं माप मापच राहिलं. त्यात मला काही गैर वाटत नाही. एका वाटीला दोन वाट्या पाणी हे प्रमाण वाटी लहान असो की मोठी, टिकतंच. अडचण येते ती सामान किलोने येतं आणि भांड्याने वाटलं जातं तेव्हा.

तेलात ही अडचण सगळ्यांत सहज नजरेआड होते. साठ मुलांना 300 ग्रॅम तेल हवं. मापाच्या पेल्यात 300च्या रेघेपर्यंत तेल घेतलं की काम झालं असं वाटतं. पण ती रेघ मिलिलिटरची. एक लिटर तेल भरतं सुमारे 910 ग्रॅम, म्हणजे पेल्यात आलं जेमतेम 275 ग्रॅम. पाच मुलांच्या वाट्याचं तेल तिथेच कमी झालं. खरं माप 330 मिलिलिटरच्या आसपास. त्यात तेल तापलं की फुगतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022मध्ये कंपन्यांना पाकिटावर तापमान न लिहिता प्रमाण छापायला सांगितलं, तेव्हा हेच आकडे दिले होते: लिटरभर सोयाबीन तेल 21 अंशांना 919 ग्रॅम, 60 अंशांना 892.6.

माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक शाळेत प्रत्येक जिन्नस एकदा काट्यावर चढवावा आणि डब्यावर रंगाने खूण करावी. तांदळाची रेघ वेगळी, डाळीची वेगळी. मीठ तर जाडं आणि बारीक असं दोनदा तोलावं, कारण बारीक मीठ त्याच चमच्यात जास्त मावतं. रोज काटा काढायला बाईंना वेळ नसतो. खूण असली की मुलाच्या ताटातला घास अंदाजावर राहत नाही.

पाण्याचं काम मात्र काटा करू शकत नाही. "नवा तांदूर पानी कमी पेते जी, जुना जास्त," बाई म्हणाल्या. नवं पोतं फोडलं की त्या पहिल्या दिवशी पाणी हात राखून घालतात आणि शेजारच्या चुलीवर आधण ठेवतात. कमी पडलं तर उकळतं पाणी वरून घालता येतं. जास्त झालेलं काढता येत नाही.