आउटबोर्ड मोटारीच्या गिअरपेटीतील बेअरिंगांचे वंगण : दिवेआगर किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरला सुमारे ४ किलोमीटर लांबीचा वालुकामय किनारा लाभला आहे. येथील जलक्रीडेच्या नौका आउटबोर्ड मोटारीवर चालतात. या मोटारीचे इंजिन पाण्याच्या वर असते; परंतु पंख्याला गती देणारी गिअरपेटी सदैव खाऱ्या पाण्यात बुडालेली असते. तिच्यातील बेअरिंगांना, म्हणजेच धारव्यांना, वंगण कसे मिळते याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना व वंगणक्रिया :
इंजिनाकडून येणारा उभा दांडा खालच्या टोकाच्या पिनिअनद्वारे पुढील व मागील गतीची दोन दंतचक्रे फिरवितो. दांडे व दंतचक्रे यांना निमुळत्या रोलरची, सुईसदृश रोलरची किंवा गोळ्यांची बेअरिंगे आधार देतात. इंजिनातील तेलाचा या पेटीशी संबंध नसतो. तिच्यात स्वतंत्र गिअर तेल भरलेले असते. फिरणारी दंतचक्रे ते घुसळून सर्वत्र उडवितात. उभ्या दांड्याच्या वरच्या बेअरिंगपर्यंत ते पोहोचावे म्हणून काही रचनांत दांड्याभोवती मळसूत्राकार खाचा असतात. त्या पंपाप्रमाणे तेल वर चढवितात. रोलर व कडे यांच्यामध्ये साधारणतः एक मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचा तैलपटल निर्माण होतो आणि धातूचा धातूशी स्पर्श टळतो. दंतचक्रांवरील तीव्र दाब सहन व्हावा म्हणून तेलात गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्ये मिसळलेली असतात.

पाण्याचा शिरकाव :
पंख्याच्या दांड्यावरील रबरी सील वाळूने झिजते किंवा दांड्याभोवती गुंडाळलेल्या मासेमारीच्या दोऱ्याने कापले जाते. मोटार थांबल्यावर तापलेली पेटी निवते, आतील दाब घटतो आणि सदोष सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते. असे तेल पुरेसा तैलपटल धरू शकत नाही; शिवाय बेअरिंगे गंजतात. भर समुद्रात बेअरिंग निकामी झाल्यास पंखा थांबतो आणि नौकेतील व्यक्तींची सुरक्षितता धोक्यात येते.

देखभाल :
तेल नेहमी खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे. त्यामुळे आतील हवा वर निघून जाते. वरून भरल्यास हवा अडकून पेटी अपुरी भरते व वरचे बेअरिंग कोरडे राहण्याचा संभव असतो. अनेक उत्पादक सुमारे १०० तासांच्या वापरानंतर तेल बदलण्याची शिफारस करतात.

निष्कर्ष :
कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात नौका बंद असतात. मात्र तासांचा हिशेब थांबला तरी गंजण्याची क्रिया थांबत नाही. तेलात शिरलेले पाणी बंद काळातही बेअरिंगांवर साचून राहते. म्हणून हंगामाच्या प्रारंभी नव्हे, तर नौका किनाऱ्यावर ओढतानाच तेल बदलणे व ते दुधाळ आढळल्यास सीलची दाबचाचणी करणे श्रेयस्कर ठरते.