सजद्यातून उठताना आलेली चक्कर

तरावीहची अकरावी रकात संपवून बारावीसाठी उठताना माझ्या शेजारी उभे असलेले दुल्हेभाई एकदम पुढच्या माणसाच्या खांद्याला धरून थांबले. सलाम फिरल्यावर मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. "कुछ नहीं, जरा चक्कर आया," म्हणाले. रोजा होता, दिवसभर ऊन होतं, इफ्तारला फारसं खाल्लं नव्हतं. कारणं पुरेशी वाटली.

घरी आल्यावर अम्मीच्या यंत्रावर बसून मोजलेलं ब्लडप्रेशर 104/66 निघालं. उभं करून दोन मिनिटांनी मोजलं तर वरचा आकडा 82. गेली दहा-अकरा वर्षं ज्यांचं प्रेशर गोळी घेऊनही 140च्या खाली यायला कुरकुरत होतं, त्यांचा हा आकडा! मग आपा हळूच म्हणाली, "त्यांनी ते वजनाचं इंजेक्शन सुरू केलंय." शव्वालमध्ये मुलीचा निकाह. शेरवानीत पोट दिसू नये म्हणून पाच आठवड्यांपासून दर शुक्रवारी पोटावर सुई चालू होती. इंजेक्शन देणारा डॉक्टर वेगळा, प्रेशरची गोळी देणारा वेगळा, आणि दोघांनाही एकमेकांची खबर नाही. हा लेख मी त्या रात्रीमुळे लिहितोय. मी भाषा शिकवणारा माणूस, डॉक्टर नाही. जे लिहितोय ते दुल्हेभाईंबरोबर डॉक्टरांकडे घातलेल्या खेपांमध्ये समजून घेतलेलं आहे.

ही इंजेक्शनं आता आपल्या मोहल्ल्यांतही पोहोचली आहेत. टिर्झेपटाइड, म्हणजे मौंजारो, मार्च 2025 मध्ये भारतात आलं, सेमाग्लुटाइडचं वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये. आपण जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-वन नावाचं एक संप्रेरक सुटतं आणि मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप देतं. ही औषधं त्या निरोपाची नक्कल करतात. भूक मरते, अन्न पोटात जास्त वेळ राहतं, वजन उतरतं. सेमाग्लुटाइडच्या 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी जवळपास 15 टक्के वजन कमी झालं. हृदयविकार असलेल्या 17,604 जाडसर लोकांवरच्या दुसऱ्या चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 20 टक्क्यांनी घटले. त्यामुळे या औषधाला 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. जाड माणसाला प्रेशर असणं ही नेहमीची जोडी आहे, आणि ही दोन्ही औषधं एकत्र घेता येतात. प्रश्न येतो तो हिशेबाचा.

कारण हे इंजेक्शन स्वतःच प्रेशर उतरवतं. त्या 68 आठवड्यांच्या चाचणीत वरचा आकडा सरासरी सहाने खाली आला होता. सरासरी म्हणजे कुणाचा दोनने, कुणाचा वीसने. वजन उतरलं की रक्तवाहिन्यांवरचा भार हलका होतो, मूत्रपिंडातून मीठही थोडं जास्त बाहेर जातं. गोळी मात्र जुन्या वजनाच्या, जुन्या जेवणाच्या हिशेबाने दिलेली असते. शंभर किलोच्या माणसाला बेतलेला डोस नव्वद किलोच्या, अर्धंच जेवणाऱ्या माणसाला जास्त होऊ शकतो. एरवी ही आनंदाची बातमी. डॉक्टर गोळ्या कमी करतात आणि पेशंट पेढे वाटतो. पण कुणी मोजतच नसेल तर ती बातमी चक्कर होऊन येते.

त्यात रमजान. सोलापुरात फेब्रुवारी सरला की ऊन चटके द्यायला लागतं आणि सेहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास पाण्याचा थेंब नाही. इंजेक्शनने भुकेबरोबर तहानही मंदावते, म्हणजे इफ्तारनंतर जे पाणी प्यायचं तेही नीट जात नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ, उलटी, जुलाब हे तर नेहमीचेच. अंगातलं पाणी असं तिन्ही बाजूंनी आटतं आणि नेमक्या अशा वेळी गोळी आपलं काम इमानेइतबारे करत राहते.

गोळ्या सगळ्या सारख्या नसतात, हे मला प्रथमच नीट समजलं. दुल्हेभाईंच्या एका गोळीत दोन औषधं होती, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. दुसरं म्हणजे लघवी वाढवून पाणी-मीठ बाहेर काढणारं. क्लोर्थालिडोन त्याच घराण्यातलं. पाकिटावर नावापुढे 'एच' किंवा 'सीएच' दिसलं तर बहुधा हेच असतं. आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातून आणखी पाणी काढणारं हे औषध या जोडीत सगळ्यात आधी तपासायला हवं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही औषधं एरवी मूत्रपिंडाची राखण करतात, पण पाणी फार कमी झालं तर याच औषधांमुळे मूत्रपिंडावर ताण येऊन क्रिएटिनिन चढू शकतं. तरावीहमुळे गुडघे दुखतात म्हणून वरून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली, तर हे त्रिकूट मूत्रपिंडाला फारच महाग पडतं. हे आपल्याकडे सर्रास घडतं, कारण दुखण्याच्या गोळीला आपण औषध धरतच नाही. अम्लोडिपिनचा पाणी कमी होण्याशी तसा संबंध नाही, तरी प्रेशर जास्त उतरण्याचा धोका तिथेही राहतोच. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखी नाडी संथ करणारी औषधं घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. सोबत मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल आणि साखर उतरली, तर हातांची थरथर आणि धडधड या गोळ्यांमुळे जाणवत नाही. फक्त घाम येतो. रोज्यात घाम आला तर आपण पंख्याकडे पाहतो, साखर तपासत नाही.

म्हणून गोळी स्वतःहून बंद करावी का? मुळीच नाही. नाडी संथ करणाऱ्या गोळ्या किंवा क्लोनिडिन एकदम सोडलं तर प्रेशर उसळी घेतं. करायचं ते एवढंच की घरच्या यंत्रावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून काढायचे. आधी पाच मिनिटं शांत बसून मोजायचं, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने घसरत असेल तर तो कागद त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. सजद्यातून उठताना येणारी चक्कर बहुधा हीच घसरण असते. आपण तिला कमजोरी म्हणतो आणि दोन खजूर जास्त खातो.

खजुराचं निघालंच तर, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि टेल्मिसार्टन-रामिप्रिल घराण्यातली औषधं शरीरातलं पोटॅशियम धरून ठेवतात. ज्यांची मूत्रपिंडं ठीक आहेत त्यांनी तीन खजुरांनी रोजा सोडायला घाबरू नये. पण मूत्रपिंड कमजोर असेल तर नारळपाणी, भरमसाट खजूर आणि विशेषतः लो-सोडियम मीठ, ज्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, याबद्दल आधी विचारून घ्यावं.

सुईने रोजा तुटतो का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1997च्या ठरावात त्वचेखाली, स्नायूत किंवा शिरेत दिलेल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही असं म्हटलं आहे, पोषण देणारी सलाइन सोडून. तरी ज्यांच्या मनात खटका राहतो त्यांनी इफ्तारनंतर घ्यावं. आठवड्यातून एकदाच्या औषधाला वेळेचा एवढा फरक पडत नाही. खरा मुद्दा वेगळाच आहे. सेमाग्लुटाइड निम्मं उतरायलाच जवळजवळ आठवडा लागतो. त्रास झाला म्हणून पुढची सुई टाळली तरी आधीची आत काम करतच असते. त्यामुळे रमजानच्या तोंडावर हे औषध सुरू करणं किंवा डोस वाढवणं शहाणपणाचं नाही. डोस दोन ते चार आठवडे आधीच स्थिरावलेला हवा. निकाहची तारीख पाहून शाबानमध्ये सुरू केलेली सुई ही नेमकी उलटी घाई.

गोळ्यांच्या वेळाही शाबानमध्येच विचारून घ्याव्यात. लघवी वाढवणारी गोळी सेहरीला घेतली तर दिवसभर तहान आणि फेऱ्या, म्हणून बरेचदा ती इफ्तारनंतर हलवतात. दिवसातून दोनदाच्या गोळीऐवजी एकदाची देता येते का, तेही तेव्हाच ठरतं. आणि एक प्रश्न आवर्जून विचारावा: उलट्या-जुलाब लागले तर त्या दिवशी कुठली गोळी थांबवायची? याचं उत्तर आधी माहीत असलं की रात्री दोन वाजता फोन करावा लागत नाही.

पाणी पोटात ठरत नसेल, लघवी फार कमी किंवा गडद होत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, पोटातली तीव्र कळ पाठीत जात असेल, तर रोजा सोडून लगेच दवाखाना गाठावा. सूरह बकराहमध्ये आजाऱ्याला नंतरच्या दिवसांत रोजे पुरे करण्याची सवलत दिलेली आहे. आपल्या घरांत ही सवलत तोंडपाठ असते, वापरायला मात्र लाज वाटते. दुल्हेभाईंनाही वाटली. डॉक्टरांनी दोन दिवस रोजा नको म्हटल्यावर ते स्वयंपाकघराचं दार लोटून पाणी प्यायले.

रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन किंचित वाढलेलं होतं, दहा दिवसांनी जागेवर आलं. लघवीची गोळी बंद झाली, नुसतं टेल्मिसार्टन राहिलं, तेही कमी डोसचं. इंजेक्शनचा डोस ईदपर्यंत आहे तोच. दोन्ही डॉक्टरांच्या कागदांची एकच फाइल आपाने केली आणि ती आता तिच्याच कपाटात असते. तरावीह दुल्हेभाई खुर्चीवर बसून पढतात. शेरवानीचं माप टेलरने ईदच्या आठवडाभर आधी घ्यायचं ठरवलंय, मागच्या महिन्याचं चालणार नाही म्हणे.