डाळ शिजवणारं पाणी

गावचं पाणी : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण जंतू आणि ते मारणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर यांच्याबद्दल बोललो. टीसीएलला मुळीच न जुमानणारं फ्लोराइड हा आजचा विषय.

प्यायचं पाणी पारखायची आपल्या घरांतली जुनी कसोटी म्हणजे तुरीची डाळ. ज्या पाण्यात ती लवकर शिजते ते गोड पाणी, शिजत नाही ते जड. कसोटी खरी आहे, पण ती कॅल्शियम-मॅग्नेशियमपुरतीच. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की फ्लोराइड फारसं विरघळलेलं राहत नाही, त्याचा साका होतो. कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश जास्त असला की ते खडकातून सुटतं आणि पाण्यात मोकळं राहतं. म्हणून डाळीसाठी नावाजलेल्या हातपंपाच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त निघू शकतं. रंग नाही, वास नाही, चवीवरूनही कळत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूच्या गावांना फ्लोराइडचं हे दुखणं ठाऊक आहे. बोअर खोल जाते, तिथलं पाणी वर्षानुवर्षं खडकाला बिलगून असतं. पण त्या बोअरला नुसता दोष देऊ नये. १९७२च्या दुष्काळात खोल बोअर आणि हातपंपांनी गावं तगवली. पायऱ्यांच्या विहिरीत पाणी भरायला उतरलेल्या माणसाच्या पायातून नारूचा जंत पाण्यात अळ्या सोडायचा आणि तेच पाणी सगळे प्यायचे. ते थांबवण्यात हातपंपांचा मोठा वाटा होता. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५पर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की पहिली खूण मुलांच्या दातांवर उमटते. आधी खडूसारखे पांढरे पट्टे, पुढे तपकिरी डाग. दात हिरडीखाली घडत असतात तेव्हाच, साधारण आठव्या वर्षाच्या आत, हे नुकसान होतं. हाडांचं दुखणं उशिरा येतं : पाठ ताठते, मान वळत नाही, उकिडवं बसता येत नाही. म्हातारपणाचा वात समजून माणसं सोसत राहतात. वाकलेलं हाड औषधाने सरळ होत नाही, म्हणून मला या विषयाची घाई वाटते.

पाणी उकळून उपयोग नाही. वाफ उडते, फ्लोराइड मागे राहून उलट दाट होतं. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत शोधली. ती चांगली आहे, पण तुरटीचं माप पाण्यागणिक बदलतं, गाळ रोज काढावा लागतो आणि हे करणारा माणूस टिकला नाही तर टाकी कोरडी पडते. माझ्या मते छोट्या गावाने आधी पिण्याचा स्रोत वेगळा करावा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी थोडेच लिटर लागतात. तेवढं पाणी तपासून घेतलेल्या उथळ विहिरीतून घ्यावं, त्यात टीसीएल टाकावी. बोअरचं पाणी धुण्या-अंघोळीला ठेवावं.

ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं कार्ड मुख्यतः स्वच्छतेच्या पाहणीवर मिळतं, ते फ्लोराइडबद्दल काही सांगत नाही. तेव्हा या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे रासायनिक तपासणीचा अहवाल मागा. नमुना कुठल्या पंपाचा आणि कुठल्या महिन्यातला, तेही पाहा. एकाच गावातल्या दोन हातपंपांचे आकडे सारखे असतीलच असं नाही.